घरच्या बागेतील दिव्यांची योजना

कार्तिक लागला की रायपुरात दिवस फार लवकर मावळतो. मुंबई आणि रायपूर या दोन्ही शहरांत घड्याळ एकच चालत असले, तरी रायपूर मुंबईच्या पूर्वेस जवळजवळ नऊ रेखांश आहे. त्यामुळे तेथील सूर्यास्त मुंबईच्या अर्धा तास अगोदर, किंबहुना त्याहूनही लवकर होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तर साडेपाच वाजण्यापूर्वीच सूर्य अस्तास गेलेला असतो. कचेरीतून परतणारा गृहस्थ फाटकाशी पोहोचतो तेव्हा अंगणात काळोख असतो, आणि ज्या बागेसाठी त्याने एवढी हौस केली, ती बाग रविवारवाचून त्याच्या दृष्टीस पडत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट प्रकार. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, नवतपाचे दिवस येतात, आणि दिवेलागणीपूर्वी बागेत पाऊल ठेवणे नकोसे होते. म्हणजे हिवाळा असो की उन्हाळा, रायपूरच्या गृहस्थाची बागेशी खरी भेट होते ती रात्रीच. झाडे लावताना तो उन्हाचा आणि पाण्याचा विचार करतो. पण रात्रीच्या उजेडाचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी, आणि तोही वायरमनवर सोपवून, केला जातो.

छत्तीसगडातील मराठी वस्ती तशी जुनी. १७४१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून गेले, आणि त्यानंतर शतकभर या प्रदेशाचा नागपूरशी राज्यकारभाराचा संबंध राहिला. रायपूरच्या तात्यापारा, बूढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतून त्या संबंधाच्या खुणा अजून सापडतात. जुन्या मराठी घरांच्या अंगणात रात्री दिवा असे तो एकच, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यातला. शेजारच्या छत्तीसगढी घरात तुलसी चौऱ्यापाशी तसाच दिवा लागे. हा दिवा कसा असे, हे क्षणभर आठवून पाहण्यासारखे आहे. तो लहान असे. जमिनीपासून फार उंच नसे. कोनाड्याच्या आडोशाने तो वाऱ्यापासून जसा वाचे, तशी पाहणाऱ्याची नजरही त्याच्या ज्योतीने दिपत नसे. त्याचा रंग पिवळसर असे. आणि तेल संपले की तो आपोआप विझे. तो लावणाऱ्या माउलीने प्रकाशशास्त्र वाचलेले नव्हते. परंतु बागेतील दिव्यांसंबंधी आज जे नियम तज्ज्ञ सांगतात, त्यांपैकी बहुतेक सारे त्या एका दिव्यात पाळले जात होते.

आजच्या घरांतून याच्या नेमके विरुद्ध घडताना दिसते. फाटकाच्या दोन्ही खांबांवर पांढरेशुभ्र गोळे, गच्चीच्या कठड्यावरून बागेवर रोखलेला एक मोठा झोतदिवा, आणि आंब्याच्या बुंध्याला गुंडाळलेली रंगीत दिव्यांची माळ, असा थाट असतो. इतका उजेड असूनही पायरीवर ठेच लागते, पाहुण्याचा चेहरा ओळखू येत नाही, आणि बाग रमणीय वाटण्याऐवजी एखाद्या मालधक्क्यासारखी दिसते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम डोळ्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

मनुष्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर या दंडपेशी पुरत्या जाग्या होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत डोळ्याची बाहुलीही विस्फारते. अशा सरावलेल्या डोळ्यासमोर एकदम प्रखर दिवा आला, की ती सारी तयारी क्षणात वाया जाते. दिव्याजवळचे तेवढे दिसते, आणि त्यापलीकडचा अंधार पूर्वीपेक्षाही दाट होतो. चोर जर बागेत लपलाच, तर तो अशा दिव्याच्या मागच्या सावलीतच लपेल. तेव्हा बागेत किती उजेड आहे यापेक्षा तो कोठे पडतो आणि दिवा स्वतः डोळ्यांत येतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

येथे थोडी मापे ध्यानात घेतलेली बरी. दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक ल्यूमेन प्रकाश पडला की त्या प्रकाशाला एक लक्स म्हणतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. कचेरीतील टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स पुरतात. आणि ज्या पौर्णिमेच्या चांदण्यात माणसाला सारे शेतशिवार लख्ख दिसल्यासारखे वाटते, ते चांदणे भरते जेमतेम पाव लक्स! यावरून सरावलेल्या डोळ्याला किती थोडा उजेड पुरतो हे कळेल. बागेतल्या पाऊलवाटेवर पाच ते दहा लक्स असले तरी पाऊल नि:शंक पडते. पायऱ्यांवर वीसेक लक्स असले म्हणजे झाले. याहून अधिक प्रकाश म्हणजे केवळ खर्च, आणि पुष्कळदा उपद्रवही.

म्हणून योजनेची सुरुवात दुकानात करू नये, बागेतच करावी. एखाद्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री घरातले दिवे मालवून, हातात बॅटरी घेऊन बागेतून दोन-चार वेळा फिरावे. फाटक उघडताना कडी कोठे सापडत नाही, वाट कोठे वळते, पायरी कोठे अचानक लागते, रात्री नळाशी वा मागच्या मोरीशी कोणास जावे लागते, म्हातारी माणसे कोणत्या बाजूने येतात, हे सारे कागदावर टिपावे. मग बॅटरी निरनिराळ्या झाडांच्या बुंध्याशी धरून पाहावी. कडुनिंबाची पाने खालून कशी दिसतात, चाफ्याच्या वेड्यावाकड्या फांद्यांची सावली भिंतीवर कशी पडते, हे त्या एका फेरीत समजते. या कागदावर तीन प्रकारच्या जागा वेगळ्या होतील: जेथे चालावयाचे त्या, जेथे बसावयाचे किंवा काम करावयाचे त्या, आणि ज्या नुसत्या पाहावयाच्या त्या. उरलेली बाग चौथ्या प्रकारात मोडते. तिला अंधारातच राहू द्यावे.

चालण्याच्या जागांचा मान पहिला, कारण तेथे जीविताचा प्रश्न असतो. छत्तीसगडात सर्पदंश ही केवळ खेड्यातली गोष्ट नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, बेडूक-उंदीर बाहेर पडतात, आणि त्यांच्या मागावर नाग, घोणस यांसारखे साप घरांच्या आवारात येतात. मण्यार तर रात्रीच हिंडते. फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेवर पायाखालची जमीन स्पष्ट दिसली पाहिजे, हा नियम तेथे शोभेसाठी नसून सुरक्षिततेसाठी आहे. याकरिता उंच खांबांपेक्षा गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून छत्री असलेले आणि उजेड फक्त खाली टाकणारे दिवे उत्तम. वाटेच्या एकाच बाजूला ते ओळीने लावले तर विमानतळाच्या धावपट्टीसारखे दिसतात. आठ-दहा फुटांच्या अंतराने आलटून पालटून दोन्ही बाजूंना लावावेत. पायरीचा दिवा पायरीच्या उभ्या बाजूत किंवा लगतच्या भिंतीत, पावलाच्या उंचीवर बसवावा, म्हणजे प्रत्येक पायरीची कड सावलीने उठून दिसते. दिवा डोक्यावर असेल तर माणसाची स्वतःचीच सावली पायरीवर पडते आणि ठेच लागते. वाटेच्या कडेला विटांचे ढीग, पालापाचोळा, दाट गवत ठेवू नये. सापाला आडोसा मिळाला तर दिव्याचा उपयोग निम्मा होतो.

बसण्याच्या जागेची गोष्ट वेगळी. उन्हाळ्याच्या रात्री आठ-साडेआठला बाजा बाहेर पडतात, मंडळी गप्पांना बसतात, तेथे चेहरे दिसावेत इतका मंद उजेड हवा. तो थेट डोक्यावरून येऊ नये, नाहीतर डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडून माणसे आजारी दिसू लागतात. एखाद्या पांढऱ्या भिंतीवर दिवा टाकून तिच्यावरून परतलेला उजेड घेतला, तर तो चेहऱ्यांवर सौम्यपणे पसरतो. स्वयंपाकघरामागची मोरी, भांडी घासण्याची जागा, पाण्याचा पंप येथे मात्र स्वच्छ, पुरेसा प्रकाश असावा. पण तो काम असेल तेवढ्या वेळेपुरता.

आता पाहण्याच्या जागा. येथे मोह आवरणे हीच मोठी कसोटी. बागेत दहा झाडे असतील तर दहांवर दिवे टाकू नयेत. एक निवडावे, फार तर दोन. उजेड आणि अंधार शेजारी असतील तरच झाडाला आकार येतो. चाफा, पांगारा यांसारख्या फांद्यांनी देखण्या झाडांना बुंध्याजवळून वर जाणारा मंद प्रकाश शोभतो, पण तो पर्णसंभारातच अडला पाहिजे, आकाशात निसटता कामा नये. मोठ्या आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या उंच फांदीवर छत्री असलेला एक छोटा दिवा खालच्या दिशेने लावला, तर पानांतून झिरपणारे चांदणे पडल्याचा भास होतो. दिवा फांदीवर खिळ्याने ठोकू नये किंवा तारेने आवळून बांधू नये. फांदी वाढते आणि तार सालीत रुतते. रुंद पट्ट्याने सैलसर बांधावा आणि दरवर्षी तो पट्टा तपासावा.

यानंतरचा प्रश्न रंगाचा. आज सर्वत्र दिसणारा एलईडी दिवा शक्य झाला तो निळ्या प्रकाशाच्या शोधामुळे. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना त्याबद्दल २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरोखर निळा दिवाच असतो. त्यावरील पिवळसर लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग बदलून टाकतो आणि दोहोंच्या मिश्रणाने पांढरा रंग दिसतो. प्रकाशाचा रंग केल्विन या मापाने सांगतात. मेणबत्तीची ज्योत एकोणीसशे केल्विनच्या जवळपास असते, जुना तापणारा बल्ब सत्तावीसशेच्या, आणि बाजारात ज्याला थंड पांढरा म्हणतात तो दिवा साडेसहा हजारांच्या. आकडा जितका मोठा, तितका त्यातील निळा अंश अधिक. बागेसाठी सत्तावीसशे किंवा त्याहूनही कमी केल्विनचा पिवळसर दिवा घ्यावा, असे जे सांगतात त्यामागे केवळ डोळ्यांना बरे वाटते एवढेच कारण नाही.

रायपूर हे धानाच्या मुलखाचे शहर आहे. तेथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताच्या वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे, आणि त्याचा पाया डॉ. रा. ह. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून केलेल्या संकलनाने घातला गेला. या धानाचा एक शत्रू म्हणजे तपकिरी तुडतुडा. छत्तीसगढीत त्याला भूरा माहो म्हणतात. भात निसवून लोंब्या भरू लागतात त्या दिवसांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, हे माहो आणि त्यांचे हिरवे भाऊबंद संध्याकाळ होताच शेतांतून उठतात आणि दिव्यांवर तुटून पडतात. शहराच्या कडेच्या घरांतून तर ओसरीत बसणे अशक्य होते. ताटात, चहात, डोळ्यांत सर्वत्र हे कीटक. शेतीतज्ज्ञ याच स्वभावाचा उपयोग करून शेतात प्रकाश सापळा लावतात आणि त्यात सापडलेल्या किड्यांच्या संख्येवरून किडीचा जोर ओळखतात. बागेतला प्रखर पांढरा दिवा हाही नकळत लावलेला प्रकाश सापळाच होय. फरक एवढाच की त्याची शिकार आपल्याच घरात शिरते. या कीटकांना निळसर आणि अतिनील प्रकाशाचे आकर्षण अधिक. पिवळसर दिव्याकडे ते तुलनेने कमी येतात. शिवाय दिव्याखाली कीटक जमले की भिंतीवर पाली येतात, जमिनीवर बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागे सापही येऊ शकतो. सापाच्या भीतीने लावलेला दिवाच सापाला आमंत्रण देतो, असा हा उलटा न्याय. म्हणून त्या सहा-सात आठवड्यांत ओसरीचा दिवा मंद करून मुख्य उजेड दाराखिडक्यांपासून दूर ठेवावा, हे उत्तम.

ज्यांच्यासाठी बाग लावली त्या झाडांनाही रात्रीचे मोजमाप असते. १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर प्रयोग करून दाखवून दिले की, कित्येक झाडे फुलण्याचा मुहूर्त दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे असे कळून आले की झाड खरोखर मोजते ती अखंड काळोखाची लांबी. शेवंती हे याचे घरगुती उदाहरण. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या धरतात. तीच शेवंती फाटकाच्या दिव्याखाली कुंडीत ठेवली, तर तिला रात्र झाल्याचे कळतच नाही. ती नुसती पाने वाढवीत राहते, आणि गृहिणी खताला दोष देते. भाताच्या अनेक जुन्या देशी वाणांचाही हाच धर्म आहे. रस्त्यावरील दिव्यालगतच्या बांधीत धान उशिरा निसवते, बाकीचे शेत पिवळे पडले तरी तेवढा तुकडा हिरवाच राहतो, हे शेतकऱ्याच्या चांगले परिचयाचे आहे. रायपूर आणि नवा रायपूर यांच्या दरम्यान नवी घरे आणि जुनी शेते आता कुंपणाला कुंपण लावून उभी आहेत. अशा घराच्या मागच्या भिंतीवरील झोतदिवा शेजाऱ्याच्या धानावर रात्रभर पडत असेल, तर ती शोभा त्या शेतकऱ्याला महाग पडते. कुंपणापलीकडे आपला उजेड जाऊ देऊ नये, या नियमाचा उगम केवळ शिष्टाचारात नाही.

शेजाऱ्याच्या झोपेचेही तसेच. रात्रीच्या निळसर प्रकाशाने निद्रेला साह्य करणारे शरीरातील मेलाटोनिन हे द्रव्य कमी होते, हे आता सिद्ध झाले आहे. शेजारच्या खिडकीत घुसणारा झोत हा त्या घराच्या निद्रेवरील अतिक्रम ठरतो. बागेतील इतर रहिवाशांचाही विचार असावा. पारिजात आणि रातराणी रात्री उमलतात आणि गंधाने पतंगांना बोलावतात; ते पतंग दिव्याभोवती घिरट्या घालीत मेले तर फुलांकडे कोण जाणार? पावसाळ्याच्या तोंडी काजवे एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनी साद घालतात. कृत्रिम उजेडात त्या खुणा बुडून जातात आणि त्यांची भेट होत नाही. म्हणून रातराणीचा कोपरा अंधारातच शोभतो. तिच्या अस्तित्वाची खूण सांगण्यास तिचा सुगंध पुरेसा आहे.

हिशेबाने पाहू जाता ही सारी योजना किती थोडक्यात बसते, याचे एक उदाहरण घ्यावे. घरापुढे चाळीस फूट रुंद आणि तीस फूट खोल बाग आहे, असे समजू. वाटेवर तीन-तीन वॅटचे चार दिवे, पायऱ्यांशी दोन-दोन वॅटचे दोन, फाटकाशी पाच वॅटचा एक, बसण्याच्या जागी सात वॅटचा एक, एका झाडासाठी पाच-पाच वॅटचे दोन, आणि मागच्या मोरीवर नऊ वॅटचा एक. एकूण सत्तेचाळीस वॅट झाले. हे सर्व दिवे रोज पाच तास जळले, तरी महिन्याला वीज लागते अवघी सात युनिट. गच्चीवरचा जुन्या पद्धतीचा पाचशे वॅटचा एकच हॅलोजन झोतदिवा तेवढाच वेळ जळला, तर तो पंचाहत्तर युनिट खातो. आणि इतके करून त्याने दाखवलेली बाग सपाट, निर्जीव दिसते.

परंतु या साऱ्या योजनेत एक भाग असा आहे की जेथे काटकसर, घाई किंवा हौशी कारागिरी मुळीच चालणार नाही. तो म्हणजे विजेची जोडणी. घरातील वीज भिंतीच्या आत, कोरड्या जागी असते. बागेतील वीज चिखलात असते. रायपुरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो. तेवढ्या दिवसांत मुले ओल्या गवतातून अनवाणी धावतात, माळी भिजलेल्या हाताने खांबाला धरतो. अशा वेळी तारेचे आवरण एका ठिकाणी उंदराने कुरतडलेले असले, की खांबात वीज उतरते.

पुष्कळांची समजूत असते की फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेले एम.सी.बी. बटण माणसाला वाचवील. ही समजूत प्राणघातक आहे. एम.सी.बी. तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. सहा अँपिअरचे बटण सहा अँपिअरहून पुष्कळ अधिक प्रवाह गेल्यावाचून पडत नाही. पण माणसाच्या शरीरातून तीस मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा तेहतिसावा भाग, एवढा प्रवाह क्षणापेक्षा अधिक वेळ गेला तरी जीव धोक्यात येतो. घरगुती विजेवर चालणारा पाच वॅटचा चिमुकला दिवा बावीस मिलिअँपिअर प्रवाह घेतो; माणसाचा प्राण जावयास त्याहून फारसे अधिक लागत नाही. याकरिता बागेच्या विजेला स्वतंत्र आर.सी.सी.बी. हवे. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहाची ते सतत तुलना करीत असते. जेवढा गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे काही प्रवाह जमिनीत किंवा कोणाच्या शरीरात गळत आहे, असे दिसताच निमिषार्धात ते वीज तोडते. बागेसाठी ते तीस मिलिअँपिअरचेच असावे. त्यावर चाचणीचे एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. जोडीला धातूच्या प्रत्येक खांबाला अर्थिंग हवेच. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

याहून सुरक्षित मार्ग म्हणजे बारा किंवा चोवीस व्होल्टवर चालणारे दिवे. घराच्या आत, कोरड्या जागी एक ट्रान्सफॉर्मर बसवावा आणि बागेत फक्त हा कमी दाब न्यावा. मात्र येथे एक अडचण ठाऊक असावी. दाब कमी म्हणजे त्याच दिव्यांना प्रवाह अधिक लागतो, आणि प्रवाह वाढला की तारेतच दाब वाया जातो. अठ्ठेचाळीस वॅटचे दिवे बारा व्होल्टवर चार अँपिअर घेतात. ते वीस मीटरवर असतील आणि तांब्याची तार दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर वाटेतच सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे दाबाचा सहावा भाग गेला. म्हणून टोकाचे दिवे मिणमिणतात आणि दुकानदाराशी भांडण होते. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर तूट पाऊण व्होल्टवर येते. जाड तारेचा खर्च एकदाच होतो. मिणमिणत्या दिव्याची चुटपुट मात्र रोजची.

तार जमिनीखालून न्यावयाची तर माती ओळखली पाहिजे. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी नावे देतो. भाठा म्हणजे मुरमाड, तांबडी जमीन. खणायला कठीण, पण पाणी धरीत नाही. कन्हार काळी; पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. अशा जमिनीत उथळ रोवलेले खांब दोन वर्षांत कलतात आणि ताणलेल्या तारा सांध्यांशी तुटतात. कन्हारात खांबाला खोल पाया द्यावा आणि तारेला थोडी ढील ठेवावी. घरगुती दाबाची तार चिलखती केबल असावी आणि ती सुमारे पाऊण मीटर खोल, वाळूच्या थरात ठेवून वरून विटांनी झाकावी, म्हणजे माळ्याच्या कुदळीला आधी वीट लागेल. केबल कोठून गेली याचा नकाशा काढून मीटरच्या पेटीत ठेवावा; दहा वर्षांनी खड्डा खणणाऱ्या माणसाचे प्राण त्या कागदावर अवलंबून असतील. जमिनीखाली सांधा शक्यतो करूच नये.

दिव्याच्या पेटीवर आय.पी. या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. उघड्यावरील दिव्यासाठी पासष्ट, आणि जमिनीत पुरलेल्या, पाणी साचेल अशा दिव्यासाठी सदुसष्ट अंक पाहावा. रायपूरच्या उन्हाळ्यात बंद डब्यातील एलईडीचे पोटातले उपकरण उष्णतेनेच लवकर निकामी होते. म्हणून धातूच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या घडणीचा दिवा घ्यावा. सूर्यशक्तीवरचे सुटे दिवे तारांच्या कटकटीतून सोडवतात खरे, पण ते आंब्याखाली ठेवले तर दिवसा त्यांना ऊन मिळत नाही, आणि श्रावणात सलग ढग असले की ते संध्याकाळीच मान टाकतात. कुंपणाच्या मोकळ्या बाजूस त्यांचा उपयोग करावा, पायरीचा भरवसा मात्र त्यांच्यावर ठेवू नये. सणासुदीला बाहेर ओढलेल्या तात्पुरत्या तारा आणि चिकटपट्टीने जोडलेले सांधे सण संपताच काढून टाकावेत. आपत्ती येते ती बहुधा याच तात्पुरत्या गोष्टींतून.

शेवटी प्रश्न उरतो तो दिवे विझवण्याचा. सर्व दिवे एका बटणावर कधीही ठेवू नयेत. वाट आणि पायऱ्या एका बटणावर, बैठक दुसऱ्यावर, झाडे तिसऱ्यावर, आणि मागची बाजू कोणी आल्यावर आपोआप लागणाऱ्या दिव्यावर, अशी विभागणी करावी. झाडांचे दिवे रात्री दहाला घड्याळाच्या बटणाने मालवावेत. मध्यरात्रीनंतर फाटकाशी आणि पायरीशी मंद उजेड असला की झाले. रात्रभर जळणाऱ्या झोताकडे शेजारीपाजारी पाहीनासे होतात; त्यापेक्षा अंधारात अचानक लागलेला दिवा राखणीला अधिक उपयोगी पडतो.

छत्तीसगडात दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळला सुरहुत्ती म्हणतात. त्या रात्री तुळशीशी, विहिरीशी, गोठ्याशी आणि शेताच्या बांधावरही एकेक दिवा ठेवण्याची रीत आहे. प्रत्येक दिवा लहान, आणि प्रत्येकाची जागा विचारपूर्वक ठरलेली. जेथे माणसाचा, गुराचा किंवा लक्ष्मीचा पाय पडावयाचा, तेथेच तो असतो. बाकीचे शिवार काळोखात स्वस्थ निजलेले असते. रायपूरच्या एखाद्या नव्या घरातील गृहस्थाने बागेच्या दिव्यांची योजना करावयास घेतली, तर त्याने त्या संध्याकाळी गच्चीवरचा झोत मालवून एकदा अंगणात उभे राहावे. दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या डोळ्यांना वाट दिसू लागेल, पारिजाताचा गंध येईल आणि कुंपणापलीकडचे धानही दिसेल. कोठे दिवा हवा आणि कोठे नको, हे मग त्याला कोणी सांगावे लागणार नाही.